मिठाची गुळणी

मी बावीस वर्षं गप्प बसायची नोकरी करते आहे. चेष्टा नाही करत. आमच्या देशाची वकिलात म्हणजे एका परक्या शहरात, दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर साडेतीन खोल्या. त्यातली अर्धी माझी. तिच्यात एक टेबल, दोन कपाटं, कधीच न उघडणारी एक खिडकी आणि साऱ्या जगाशी पत्रव्यवहार करणारा एक म्हातारा कॉम्प्युटर. कागदोपत्री मी ‘कायदेविषयक सहायक’. आमचे राजदूत, म्हणजे साहेब, मला नुसतं ‘बाई’ म्हणतात. वकिलातीत माणसं चार: साहेब, मी, ड्रायव्हर, आणि एक जण आहे तो कायम रजेवर.

या शहरात जगातले देश येऊन कायदे करतात. मोठे देश चाळीस-चाळीस माणसं घेऊन येतात. आमच्याकडून साहेब, आणि त्यांच्या मागच्या खुर्चीवर मी. एकाच वेळी तीन सभागृहांत बैठका लागल्या की एकात साहेब बसतात, दुसऱ्यात मी, आणि तिसऱ्यात खुर्चीला साहेबांचा कोट टांगून ठेवतो. आजवर कोणी फरक ओळखलेला नाही.

आणि खरं सांगू का, बैठकीत काही ठरतच नाही. ठरतं ते मौनाने. पद्धत अशी, की मसुदा सगळ्या वकिलातींना पाठवायचा आणि खाली लिहायचं, अमक्या वारी संध्याकाळी पाचपर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर हे सर्वांना मान्य आहे. झालं. हात वर करायला नको, मोजायला नको. आमचे वडील घरात असंच करायचे. ‘कोणाला काही म्हणायचंय?’ असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत चपला घालून बाहेर पडायचे. मला तेव्हा वाटायचं वडील हेकट आहेत. ते आंतरराष्ट्रीय कायद्याने चालले होते हे नंतर कळलं.

तर गेली तीन वर्षं इथे ऊन कमी करण्याचा करार चालला होता. त्याचं खरं नाव साडेचार ओळींचं आहे, ते सोडा. पृथ्वी तापली. का तापली ते सगळ्यांना ठाऊक. धूर कमी करायला हवा हेही ठाऊक. पण धूर कमी करणं फार जिवावरचं काम, त्यापेक्षा ऊनच कमी करू, असं शहाण्या माणसांच्या डोक्यात आलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! समुद्रात जहाजं उभी करायची, खारं पाणी अगदी बारीक तुषार करून वर उडवायचं, त्यातलं मीठ ढगात गेलं की ढग जास्त पांढरे होतात, जास्त टिकतात आणि ऊन वरच्या वर परत पाठवतात. शास्त्र पक्कं आहे म्हणे. घोडं अडलं होतं ते कायद्यात. हे कोणी करायचं, कोणाला विचारून, आणि भलत्याच्याच दारातलं ऊन गेलं तर त्याने कोणाच्या नावाने बोंब मारायची? एका देशाचा ढग वाऱ्याने दुसऱ्या देशात गेला तर तो ढग कोणाचा, यावर अकरा दिवस चर्चा झाली. शेवटी ‘हा प्रश्न ढगांच्या पुढील बैठकीत घ्यावा’ असं ठरलं. इतिवृत्तात तसंच लिहिलंय. मीच लिहिलंय.

या सगळ्याच्या अध्यक्षबाई म्हणजे उंच, नीटनेटक्या, आणि काहीही झालं तरी हसतमुख. भांडण विकोपाला गेलं की त्या डोळे मिटून म्हणायच्या, ‘मला सभागृहात सहमती जाणवते आहे.’ त्यांना ती जाणवली की सगळे मुकाट जेवायला जायचे.

त्या सोमवारी त्यांचा मेल आला. करार तयार, फक्त परिशिष्ट सात बाकी. मौन गुरुवारी पाचपर्यंत. परिशिष्ट सात म्हणजे पहिल्या चाचणीची जागा. तीन वर्षं, दर वर्षी चार महिने. जागेचं नाव कुठेच नव्हतं. चार कोपरे, आठ आकडे, अक्षांश आणि रेखांश.

परिशिष्टं कोणी वाचत नाही. मीही नाही वाचत, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी प्रिंटरने कागद गिळला होता, तो ओढून काढेपर्यंत रिकामपणाचा उद्योग म्हणून मी ते आकडे नकाशात टाकले. आधी नुसतं निळं दिसलं. मग किनारा. मग कोपरासारखी वळलेली एक खाडी.

त्या खाडीत मी पोहायला शिकले. तिच्या काठावर माझ्या दादाचं मिठागर आहे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहिला. मी कायदा शिकले ते त्या मिठावर. मिठाला लागतं काय? भरतीचं पाणी, बांध घालणारे हात आणि चार महिने कडकडीत ऊन. आणि करारात महिने कुठले होते? तेच चार. का, तर त्या दिवसांत आकाश मोजायला बरं पडतं! दादाच्या खाडीतलंच पाणी उपसून वर फवारणार, त्यातलं मीठ ढगाला देणार, आणि दादाच्या वाफ्यात नुसतं पाणी सडत राहणार. तीन वर्षं. एक वर्ष मीठ पिकलं नाही तर माणूस कसाबसा तगतो. तीन वर्षांत बांध फुटतात, कामाची माणसं दुसरीकडे जातात, आणि साठीचा माणूस पुन्हा मिठागर उभं करत नाही.

मी फोन लावला. वहिनीने उचलला, ‘तुझ्या दादाला बोलवायचं म्हणजे तासभर वाट बघ’ असं म्हणाली आणि पाच मिनिटांत दादा आला.

‘दादा, आपल्या खाडीवर ढगांचा प्रयोग करणार आहेत. तुला कोणी विचारलं?’

‘ढगांचा? एक टोपीवाला आला होता गेल्या वर्षी. पाणी बाटलीत भरून घेतलं, तुझ्या वहिनीच्या हातचा चहा प्यायला, छान आहे म्हणाला.’

‘काय छान आहे?’

‘ते नाही बोलला. पाणी असेल, चहा असेल.’

‘नोटीस? काही कागद? कुठे लावला असेल?’

दादाने शेजारी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं की नोटीस होती. मीठ खात्याच्या कचेरीत, आतल्या व्हरांड्यात, काचेच्या पेटीत. ‘साठ दिवसांत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल.’ आणि ती कचेरी हंगाम संपला की बंद असते. साठच्या साठ दिवस बाहेरून कुलूप.

‘कुलपाच्या आतली नोटीस मी वाचू कशी?’ दादा ओरडला. ‘मी काय पाल आहे?’

मी तणतणत साहेबांकडे गेले. साहेब आरशासमोर टाय सारखा करत होते. साहेब वाईट माणूस नाहीत. पण आमच्या देशाने बावीस वर्षांत एकदाही मौन मोडलेलं नाही याचा त्यांना भारी अभिमान. मोठे देश आम्हाला ‘विधायक’ म्हणतात. विधायक म्हणजे काय, तर पायावर पाय दिला तरी ‘काही हरकत नाही’ म्हणणारा. शिवाय करार झाला की त्यावर देखरेख करणारं मंडळ होणार होतं आणि त्याचं उपाध्यक्षपद साहेबांच्या कानात कोणीतरी कुजबुजलं होतं. तेव्हापासून ते जिना चढतानासुद्धा उपाध्यक्षासारखे चढायचे.

‘बाई, तुमचा जीव तुटतो ते मला समजतं,’ साहेब म्हणाले. ‘पण एका मिठागरासाठी सगळ्या जगाला वेठीला धरायचं?’

‘एक नाही साहेब, तिथे चाळीस-पन्नास आहेत. आणि आपलाच किनारा आहे तो. आपल्याच देशाचा.’

‘तो मुद्दा आहे,’ साहेब म्हणाले आणि त्यांनी टाय पुन्हा सोडला. ‘राजधानीला विचारा.’

राजधानीला विचारलं. परराष्ट्र खात्याने पर्यावरण खात्याला विचारलं, पर्यावरण खात्याने मीठ खात्याला. बुधवारी दुपारी उत्तर आलं. ‘आपल्या वकिलातीने प्रतिकूल मत न कळवल्याने आपली हरकत नाही असे गृहीत धरून आमचीही हरकत नाही.’ मी ते तीनदा वाचलं. आम्ही राजधानीच्या तोंडाकडे बघत होतो, राजधानी आमच्या तोंडाकडे, आणि दोघांनीही मिठाची गुळणी धरली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. खालून दातांच्या डॉक्टरचं मशीन घरघरत होतं आणि कोणीतरी माझ्या वतीने ओरडत होतं.

गुरुवारी साहेब दुपारी यजमान देशाच्या मेजवानीला गेले आणि फोन बंद करून बसले. मेजवानी कसली? करार झाल्याची. मौन संपायला अजून तीन तास होते, पण केक कापून झाला होता, हे ड्रायव्हरने मला तिथून कळवलं.

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. वकिलातीच्या खात्यातून गेलेला मेल म्हणजे देशाचा शब्द, असा नियम आहे. ते खातं बावीस वर्षं माझ्याच हातात. त्यातून मी शोकसंदेश पाठवले, अभिनंदनं पाठवली, एकदा चुकून दिव्यांच्या दुरुस्तीची तक्रार साऱ्या जगाला पाठवली. चार वाजून एकावन्न मिनिटांनी मी लिहिलं, ‘परिशिष्ट सातला आमच्या देशाची हरकत आहे. आम्ही मौन मोडत आहोत.’ नोकरी जाणार हे दिसत होतं. पण दादा गुडघाभर पाण्यात उभा आहे हेही दिसत होतं, आणि मी बटण दाबलं.

दोन मिनिटांत खुद्द अध्यक्षबाईंचा फोन आला.

‘हे चुकून तर गेलं नाही ना?’

‘नाही.’

‘सूचना कोणाच्या?’

‘माझ्याहून वरिष्ठ व्यक्तीच्या,’ मी म्हणाले. नऊ वर्षांनी वरिष्ठ, पण तेवढं कोणी विचारत नाही.

साहेब आले ते लालबुंद होऊन. ‘बाई! बावीस वर्षांचं नाव घालवलंत! माझं तोंड काळं केलंत!’ मी खाली मान घालून उभी राहिले. तोवर त्यांचा फोन वाजला. एका बेटाचे राजदूत होते. ते म्हणाले, शाब्बास, आमच्याही मनात तेच होतं. फोन ठेवला नाही तोच दुसरा. मग तिसरा. शुक्रवार संपेपर्यंत एकेचाळीस देशांनी गुपचूप अभिनंदन केलं. प्रत्येकाने हरकतीचा मेल लिहून तयार ठेवला होता आणि प्रत्येक जण मांजराच्या गळ्यात दुसरा कोणीतरी घंटा बांधेल म्हणून पाच वाजायची वाट बघत बसला होता.

दहाव्या फोनपर्यंत साहेब ‘हो, म्हणजे, प्रसंगच तसा होता’ म्हणत होते. विसाव्यानंतर ‘मी पुष्कळ विचार केला’ असं झालं. चाळिसाव्याला त्यांनी ‘अहो, माझा जन्मच किनाऱ्यावरचा’ असं सांगून टाकलं. साहेबांचा जन्म डोंगरातला. मी काही बोलले नाही, म्हणजे मान्य.

दादाला कळवलं तर तो आधी हसला आणि मग फोनवरच रडला. मी दादाला रडताना कधी ऐकलं नव्हतं. ‘ठमे,’ तो म्हणाला, ‘तुला शिकवलं ते फळलं गं.’ ठमी म्हणजे मी. जगात हे नाव आता एकच माणूस घेतो. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात जाऊन बसले.

पुढच्या सोमवारी सुधारित परिशिष्ट आलं. सोबत अध्यक्षबाईंचं गोड पत्र: हरकत घेणाऱ्या देशाच्या भावनांचा आदर राखून चाचणीचं क्षेत्र दक्षिणेला सरकवलं आहे. मौन गुरुवारी पाचपर्यंत. आणि खाली बारीक अक्षरांत, पुन्हा कोणी मौन मोडल्यास मूळ परिशिष्ट, ज्याला एक देश वगळता सर्वांची संमती होती, तेच कायम होईल.

एक देश वगळता! ते एकेचाळीस कुठे गेले? ते फोनवर होते. फोन इतिवृत्तात येत नाही.

या वेळी आकडे मी लगेच टाकले. आमची सरहद्द ओलांडून पलीकडे, शेजारच्या देशात, आणखी एक खाडी. नकाशातला उपग्रहाचा फोटो मोठा केला. काठाने चौकोन दिसले, काही तपकिरी, काही पांढरे. मिठागरं. दादाच्यापेक्षा लहान. एका बांधावर मिठाचे ढीग ओळीने लावलेले होते आणि त्यांच्यावर कोणीतरी निळं प्लास्टिक अंथरून कडेने दगड ठेवले होते. वाऱ्याच्या बाजूला दगड जास्त. दादाही तसेच ठेवतो.

त्या देशाची वकिलात म्हणजे एकच माणूस. सभागृहात सगळे त्यांना काका म्हणतात. सदा शेवटच्या रांगेत, गळ्यात मफलर. मी त्यांच्या कचेरीत गेले. दार बंद. शेजारच्या बाईने सांगितलं, काकांच्या मुलीचं बाळंतपण आहे, ते गावी गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. त्यांना मेल टाकायचा का? हात शिवशिवत होते. पण काकांनी मौन मोडलं तर क्षेत्र परत येणार होतं आमच्याच खाडीवर. मी दारावरची पाटी वाचली, घंटी पुसली, आणि परत आले. घंटी का पुसली कोण जाणे.

साहेबांनी विचारलं, ‘झालं ना आता बाई तुमच्या मनासारखं?’ उपाध्यक्षपद नक्की झालं होतं. तत्त्वासाठी उभा राहणारा माणूस म्हणून त्यांचं नाव एकमताने पुढे आलं होतं.

गुरुवारी साडेचारला मी दादाला फोन केला. गोड बातमी म्हणूनच केला, देवाशपथ. त्याच्याकडे ऊन उतरलं होतं. मागे माणसं एकमेकांना हाका मारत होती, कुठेतरी फावडं वाजत होतं.

‘हंगामाची तयारी चाललीय,’ दादा म्हणाला. ‘दोन बांध नव्याने घातले. तुझ्या करारवाल्यांना सांग, ऊन कसं तापतंय ते येऊन बघा.’

‘सांगते.’

‘मग आता तो प्रयोग रद्द ना?’

‘रद्द नाही. सरकवला.’

‘कुठे?’

मी खाडीचं नाव सांगितलं. दादाला ती ठाऊक होती. मीठवाल्याला दुसऱ्याची खाडी ठाऊक असतेच.

‘अगं, तिथेही आगरंच आहेत,’ तो म्हणाला.

‘हो. पाहिली मी.’

‘त्यांना कळलंय का हे?’

‘नसावं.’

‘मग तू लिही ना. गेल्या वेळी लिहिलंस तसं. तुला काय, एक बटण दाबायचं.’

मग मी त्याला ती बारीक अक्षरं वाचून दाखवली. सावकाश, शब्द न शब्द. आज पाचच्या आत कोणी लिहिलं, तर ते परत तुझ्याकडे येणार, दादा.

फावडं वाजायचं थांबलं. दादा थोडा बाजूला गेला असावा. मी वाट बघत होते. त्याने एकदा ‘येऊ दे, बघू’ म्हटलं असतं तर मी लिहिलं असतं, आईशपथ लिहिलं असतं. एकदा ‘नको लिहूस’ म्हटलं असतं तर पाप त्याच्या माथी टाकून मी मोकळी झाले असते. आणि तो माणूस, ज्याने माझ्यासाठी शाळा सोडली, तोही माझ्याच तोंडाकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन, मी शिकलेली आहे, मला तिसरा रस्ता माहीत असेल. मला माहीत नव्हता. फोन कानाला लावून आम्ही दोघं नुसते बसलो. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

कॉम्प्युटरवर मेल येऊन पडला. अध्यक्षबाईंचा. कोणत्याही देशाची हरकत न आल्याने परिशिष्ट सात सर्वांच्या संमतीने मंजूर झालं आहे, आणि सर्वांचे मनापासून आभार. मला माझी लाज वाटली. त्याहून जास्त लाज याची वाटली, की छातीवरचं ओझं उतरलं होतं.

‘ठमे,’ दादा हळूच म्हणाला, ‘किती वाजले तुझ्याकडे?’

‘पाच वाजून गेले.’

‘बरं,’ दादा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.